उठून निघण्याची चैन कुणाला परवडते?

‘वर्षभर आधी ठरवून कुठं प्रवास होतो का? मनात आलं की निघावं!’ हे मत हल्ली इतक्या ठिकाणी आणि इतक्या आत्मविश्वासानं ऐकू येतं, की त्याला विरोध करणारा आपोआप अरसिक ठरतो. मुळशी तालुक्यापुरतं बोलायचं तर हिंजवडीच्या कंपन्यांमधल्या तरुणांच्या तोंडी ते असतं. त्याच तालुक्यात पौड-पिरंगुटकडं वडीलधाऱ्यांच्या तोंडी त्याचं दुसरं रूप सापडतं: ‘पैसे भरले की कंपनी नेते आणि आणते, आपण कशाला डोकं चालवायचं?’ एकाला प्रवासात स्वातंत्र्य हवं, दुसऱ्याला निश्चिंती. पण पहिल्या युरोपवारीचा विचार फार आधीपासून करणं हा भित्र्या नाहीतर चिकट माणसांचा उद्योग आहे, यावर दोघांचं एकमत. ते चुकीचं आहे. पहिल्यांदा देशाबाहेर पडणाऱ्या, भारतीय पासपोर्ट बाळगणाऱ्या, मोजक्या पैशांच्या आणि मोजक्या रजेच्या माणसाच्या हाती युरोपच्या बाबतीत जी काही निवड उरते, ती वर्ष-दीड वर्ष आधी हालचाल केल्यानंच उरते. उशीर केला की प्रवास होतो, पण तो दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असतो.

‘मनात आलं की निघावं’ हा सल्ला मुळात ज्यांचा आहे, त्यांच्या खिशातला पासपोर्ट पाहावा. जपानी किंवा अमेरिकी माणूस आज रात्री तिकीट काढून उद्या पॅरिसला उतरू शकतो. थोड्या मुक्कामासाठी त्याला व्हिसा लागत नाही. प्रवासाच्या झोकदार चित्रफितींतून आपल्याकडं आलेला बेफिकीरपणा हा त्या सवलतीचा उपउत्पाद आहे, स्वभावाचा मोठेपणा नव्हे. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो, आणि त्याचे नियम बेफिकिरीला जागाच ठेवत नाहीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस धरलेले आहेत, पण शंका आली तर ती मुदत पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. तीस हजार युरोंचं वैद्यकीय विमासंरक्षण हवं. एकोणतीस देशांत हा एकच व्हिसा चालतो, पण अर्ज मात्र ज्या देशात सर्वाधिक मुक्काम त्याच देशाकडं करायचा. म्हणजे कुठं किती रात्री राहणार हे भेटीची वेळ घेण्याआधीच ठरलेलं असलं पाहिजे. काही देशांचे अर्ज पुण्यात घेतले जातात, काहींसाठी मुंबई गाठावी लागते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर या भेटींच्या वेळा मिळणं हीच एक परीक्षा होऊन बसते. ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क नव्वद युरो आहे, म्हणजे माणशी नऊ हजार रुपयांच्या आसपास. व्हिसा नाकारला तर ते परत मिळत नाही. २०२४ या एका वर्षात भारतातून शेंगेनसाठी अकरा लाखांहून अधिक अर्ज झाले आणि त्यांतले दीड लाखांहून अधिक नाकारले गेले. सातांत एक, असं हे प्रमाण पडतं. आई-वडील, नवरा-बायको आणि दोन मुलं अशा सहा जणांच्या कुटुंबानं या आकड्याकडं पाहून मग उत्स्फूर्तपणाची स्तुती करावी.

नाकारण्याची कारणं ठरावीक छापील नमुन्यात येतात: प्रवासाचा हेतू पटला नाही, खर्चाची ऐपत दिसली नाही, मुदतीत परत जाल याची खात्री वाटली नाही. ही तीनही कारणं कागदांतून उगवतात, आणि मुळशीतल्या माणसाचे कागद ही वेगळीच गोष्ट आहे. नोकरदाराचं त्या मानानं सोपं. पगारपत्रक, फॉर्म १६, रजा मंजूर असल्याचं कंपनीचं पत्र. पण ज्यांच्या घरात पैसा जमिनीतून आला आहे, त्यांचं काय? शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आयकर विवरण भरण्याची सवयच नाही. वकिलातींच्या याद्यांमध्ये मात्र मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणं मागितलेली असतात. ती बसल्या बैठकीत तयार होत नाहीत. एखाद्या वर्षाचं विवरण राहिलं तर उशिरा भरायलाही ३१ डिसेंबरची वेस आहे. बँकेचा तीन ते सहा महिन्यांचा उतारा लागतो, आणि त्यात गेल्याच पंधरवड्यात चाळीस लाख जमा झालेले दिसले, तर ते बघणाऱ्या अधिकाऱ्याला ऐपत दिसत नाही, प्रश्न दिसतो. पैसे खरे असतात, व्यवहार सरळ असतो, खरेदीखत कपाटात असतं. पण कपाटातलं खरेदीखत मराठीत आहे, सातबारा मराठीत आहे, आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर जोडून ‘हा पैसा इथून आला आणि ही जमीन अजून माझ्या नावावर आहे, म्हणून मी परत येणार’ असं सांगावं लागतं. हे सांगता येतं. सातबारा हा परतीच्या ओढीचा पगारपत्रकाहून भक्कम पुरावा आहे, असं माझं मत. मात्र तो मांडायला वेळ लागतो, आणि वेळ नसला की माणूस कुणातरी दलालाच्या हवाली होतो. तो दलाल खोटं हॉटेल आरक्षण आणि ठोकळेबाज पत्र जोडून देतो, अन् जिथं काहीही लपवायचं नव्हतं तिथं लपवाछपवी उभी राहते.

बायकांच्या नावाचा घोळ तर स्वतंत्र प्रकरण आहे. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, कारण लग्नात पहिलं नावही बदललेलं. त्यात इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कारकुनानं आपापल्या कानानं लिहिलेलं. घरातल्या पुरुषाचा पासपोर्ट महिन्याभरात हातात पडतो आणि बाईचा अडकतो, याचं कारण हे आहे. ते दुरुस्त करणं कठीण नाही, पण एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं अशी ती साखळी आहे. आधार सुटल्याशिवाय बँक सुटत नाही. ऐनवेळच्या प्रवासाचे गोडवे गाणाऱ्यांनी याचा विचार केलेला नसतो. ऐनवेळी निघायचं ठरलं की घरातून मागं राहते ती बहुतेक वेळा जिचे कागद जुळत नाहीत ती.

आता दिनदर्शिका. भाताच्या तालुक्यात वर्षाला काही खुंट्या पक्क्या ठोकलेल्या असतात. जूनमध्ये पेरा, जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणी आणि झोडणी. चैत्रात गावची जत्रा, तिला गैरहजर राहणं म्हणजे भावकीत वर्षभर ऐकून घेणं. मग लग्नसराई. शाळेत जाणारी मुलं असतील तर सुट्टी एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. यातून युरोपसाठी उरतात मे महिन्यातले दोन-अडीच आठवडे, आणि नेमके तेच अख्ख्या महाराष्ट्राला उरतात. म्हणून विमानाची तिकिटं तेव्हा महाग आणि व्हिसाच्या रांगा तेव्हा लांब. या कोंडीतून वाट एकच: मेमधल्या प्रवासाचा अर्ज नोव्हेंबरात उघडतो, म्हणजे भात घरात आल्यावर. त्याआधी पावसाळ्यात कागद जुळवायचे, आणि जुलैच्या आसपास भरायचं आयकर विवरण त्याच्याही आधीच्या वर्षी भरलेलं असायला हवं. हा हिशेब उलटा मांडत गेलं की दीड वर्ष तरी होतं. दीड वर्ष हा आकडा कुणा सावधगिरीच्या वेडानं काढलेला नाही. अर्जाची खिडकी, भाताचा हंगाम आणि शाळेची सुट्टी एकमेकांवर ठेवली की तो आपोआप येतो.

‘पण कंपनी आहे ना!’ हा आक्षेप हलक्यात काढण्याजोगा नाही. केसरी १९८४ पासून, वीणा वर्ल्ड २०१३ पासून, आणि त्यांच्या आगेमागे इतर अनेक कंपन्यांनी मराठी मध्यमवर्गाला युरोप दाखवला. इंग्रजी न येणाऱ्या, एकट्यानं विमानात बसायची धास्ती असलेल्या, जेवणाचं पथ्यपाणी सांभाळणाऱ्या माणसांना त्यांनी आल्प्सच्या बर्फापर्यंत नेलं. ज्याला गुडघे दुखतात आणि सोबत हवी, त्यानं खुशाल सहलीनं जावं. पण कंपनीकडं सोपवलं म्हणजे आगाऊ ठरवण्यातून सुटका झाली, हा समज खोटा आहे. कंपनी स्वतःच वर्षभर आधी ठरवते. हॉटेलं, बस, विमानातल्या जागा तिनं घेऊन ठेवलेल्या असतात, म्हणून तर ती लवकर नोंदणी करणाऱ्याला सूट देते. व्हिसासाठीचे कागदही तुमचेच असतात. कंपनी ते मांडून देईल, निर्माण करून देणार नाही. परदेशी पॅकेजवर जो टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर) कापला जातो तो परत मिळवायलाही विवरण भरावंच लागतं. आणि बारा दिवसांत आठ देश दाखवणाऱ्या सहलीत पहाटे उठवणारा मार्गदर्शक दुष्ट नसतो. युरोपीय कायद्यानं बसचालकाला दिवसाला साधारण नऊ तास गाडी चालवायची मुभा आहे, साडेचार तासांनंतर पाऊण तासाचा विसावा सक्तीचा आहे, रोजच्या विश्रांतीचे तास ठरलेले आहेत. त्या चौकटीत आठ देश बसवायचे तर फ्लोरेन्सला अडीच तास मिळतात. ज्यांनी आधी विचार केला, त्यांना ‘आठ नको, तीनच देश पण नीट’ अशी सहल निवडता येते. एप्रिलमध्ये जागे झालेल्यांना ज्या गटात दोन खुर्च्या उरल्या त्या गटात बसावं लागतं.

रसिकांचा आक्षेप वेगळा. पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली आली तेव्हापासून मराठी मनात युरोपचा प्रवास म्हणजे भटकणं, हरवणं, माणसं भेटणं, असं एक चित्र आहे, आणि त्यात तक्त्यांना थारा नाही. चित्र खरं आहे, पण ते ज्या भिंतीवर टांगलेलं आहे ती भिंत कुणी पाहत नाही. पु. लं.चा तो प्रवास दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठीचा होता. लंडनला मुक्काम ठोकून राहण्याची व्यवस्था आधी झालेली होती. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वाँटेजच्या जोगिणींच्या मठाशी असलेल्या संबंधांतून. पुढं मुळशी सत्याग्रहात ‘सेनापती’ झालेले पांडुरंग महादेव बापट १९०४ साली एडिंबरोला गेले ते मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर. १८७० साली कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपला गेले तेव्हा तर सगळा लवाजमा आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी आखलेला मार्ग होता. परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं आणि आर्नोकाठी त्यांचं स्मारक आजही आहे. मराठी माणसाची पहिली युरोपवारी कधीच अवचित झालेली नाही. संस्थान, मिशन, विद्यापीठ, सरकार, कुणीतरी ती आधी ठरवत आलं. आता ते काम माणसाला स्वतःला करता येतं, इतकाच फरक आहे, आणि तो मोठा आहे.

शिवाय ज्या युरोपात भटकायला जायचं तो १९६० मधला राहिलेला नाही. मिलानमधलं लिओनार्दोचं ‘अंतिम भोजन’ हे भित्तिचित्र पाहायला छोट्या गटांना पंधरा मिनिटं मिळतात आणि ती वेळ फार आधी घ्यावी लागते. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची विक्री खुली होते. दारात जाऊन उभं राहिलेल्याला तिथं आत प्रवेश नाही, मग तो कितीही रसिक असो. ट्यूलिपचं प्रसिद्ध कॉइकेनहॉफ उद्यान वर्षातून जेमतेम आठ आठवडे उघडं असतं, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. मेअखेरीस तिथं पोचणाऱ्या मराठी कुटुंबांना बंद फाटक दिसतं. व्हेनिसनं २०२४ पासून गर्दीच्या दिवशी फक्त दिवसापुरत्या येणाऱ्यांवर पाच युरोंचा कर बसवला आणि २०२५ मध्ये, चार दिवस आधी नोंदणी न करणाऱ्यांसाठी तो दहा केला. उत्स्फूर्तपणावर शंभर टक्के अधिभार बसवणारं हे बहुधा पहिलंच शहर असावं. फ्रान्स-जर्मनीच्या वेगवान रेल्वेगाड्यांचंही तसंच. लवकर घेतलेलं तिकीट आणि आदल्या दिवशी घेतलेलं तिकीट यांत कित्येकदा दुपटी-तिपटीचा फरक पडतो. चार जणांच्या कुटुंबाला एवढ्यात दोन दिवसांचा जास्तीचा मुक्काम निघतो.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. दीड वर्षात काय होईल कुणी सांगावं? सासऱ्यांचं आजारपण, नोकरीवर गदा, मुलाची बारावी, युद्ध, साथ. पैसे अडकवून ठेवायचे आणि शेवटी पाणी सोडायचं? ही भीती खरी आहे, आणि २०२० नंतर तिची थट्टा कुणी करू नये. पण यात ठरवणं आणि पैसे भरणं या दोन गोष्टींची गल्लत होते. पासपोर्ट काढणं, नावं जुळवणं, विवरण भरणं, बँकेचं खातं नीट वाहतं ठेवणं, कुठं जायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठं जायचं नाही हे घरात बसून ठरवणं, यांतल्या कशातच मोठी रक्कम गुंतत नाही आणि प्रवास रद्द झाला तरी यांतलं काही वाया जात नाही. हॉटेलं विनाशुल्क रद्द करता येतील अशी घेता येतात. विमानाचं न परतणारं तिकीट व्हिसा हाती येण्याआधी घ्यायची गरज नाही. अर्जाला आरक्षण पुरतं. खरा धोका असतो तो उशिरा निघालेल्याला. वेळ उरलेला नसतो म्हणून तो महाग, न परतणारं, मिळेल ते सगळं एकदम घेतो, आणि व्हिसा नाकारला गेला की सगळंच बुडतं. अनिश्चितता जितकी जास्त, तितकं आधी ठरवावं आणि शक्य तितकं उशिरा पैसे द्यावेत.

मुळशीच्या तोंडून आणखी एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो कुणी उघड मांडत नसलं तरी मला सगळ्यांत आदराचा वाटतो. या तालुक्यानं आगाऊ आखलेल्या योजना पुष्कळ भोगल्या आहेत. टाटांच्या धरणासाठी बावन्न गावांच्या जमिनीवर रेघ मारली गेली आणि १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, धरण झालंच. हिंजवडीच्या शेतांचं आयटी पार्क झालं. आणि मोसे खोऱ्यात तर युरोपच आणून ठेवायचा घाट घातला गेला. लवासा या तिथल्या आखीव शहरातलं दासवे हे इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर रंगवलं. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची काम थांबवण्याची नोटीस आली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. नकाशा इतका देखणा होता की त्यात खोरं दिसेनासं झालं. अशा ठिकाणच्या माणसाला ‘नियोजन’ म्हटलं की पोटात गोळा आला तर नवल नाही. पण त्या सगळ्या योजना इथल्या माणसांना न विचारता, त्यांच्या जागेवर, इतरांनी आखल्या होत्या. युरोपवारी ही दुर्मीळ गोष्टींपैकी आहे जिचा आराखडा घरातल्या घरात, आजीच्या गुडघ्यांपासून नातवाच्या रेल्वेवेडापर्यंत सगळ्यांना विचारून करता येतो. तो करायचं सोडून देणं म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी नकाशावर जाऊन बसणं.

नियोजनाचा अतिरेक मलाही नकोसा आहे. सकाळी आठ ते रात्री दहा, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, प्रत्येक रकान्यात एक ‘पॉइंट’, ही युरोपवारी नव्हे, हजेरी आहे. तिच्यावर होणारी टीका योग्यच आहे, फक्त तिचं खापर आगाऊ तयारीवर फोडू नये. तसले रकाने बहुतेक वेळा घाईत भरलेले असतात. इकडून तिकडून याद्या उचलल्या आणि एकही गाळायला धीर झाला नाही. गाळायला वेळ लागतो. स्वित्झर्लंडमध्ये साडेतीन हजार मीटरवरचं युंगफ्राउयोख करायचं की त्या पैशांत खालच्या दरीत दोन दिवस जास्त राहायचं, रोम आणि पॅरिस दोन्ही की एकच, हे प्रश्न घरात महिनोन्‌महिने घोळले तरच त्यांची खरी उत्तरं निघतात. दोन आधी काढलेली तिकिटं, तीन रात्रींचे मुक्काम आणि मधल्या साऱ्या दुपारी मोकळ्या, असा आराखडा एप्रिलच्या घाईत कुणालाही सुचत नाही.

राहता राहिली ती ‘मनात आलं की निघावं’ ही इच्छा. ती वाईट नाही, आणि भारतीयांना अप्राप्यही नाही. युरोपीय आयोगानं एप्रिल २०२४ मध्ये भारतीयांसाठी नियम बदलले: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे मिळवून ते नियमानं वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा मिळू शकतो, आणि त्यानंतरचा, पासपोर्टची मुदत पुरत असेल तर, साधारणपणे पाच वर्षांचा. पाच वर्षांचा व्हिसा हाती असलेल्या माणसानं शुक्रवारी ठरवून सोमवारी लिस्बन गाठावं. त्याला कुणी अडवत नाही. मात्र तिथवर पोचायचं तर आधी दोन प्रवास कागदोपत्री निर्मळ झालेले हवेत, आणि त्यांतल्या पहिल्याचं काम, मे महिन्यात जायचं असेल तर, निदान आदल्या पावसाळ्यात आधार कार्डावरचं नाव तपासण्यापासून सुरू होतं.